कर्ता गाळता येतो

मोबाईल तूरडाळीच्या डब्याला टेकवलाय.
महिनाअखेरीला डबा हलका होतो, मागे सरकतो,
आणि डाबरे मॅडमना आमचं छत दिसतं,
पोपडे, पंखा, पंख्याला बांधलेली लोकरीची चिमणी.

मॅडम वसईहून शिकवतात.
त्यांच्या मागे एक कोंबडा रात्री साडेआठला आरवतो,
त्याला टाइमटेबल कुणी दिलेलं नाही.
आम्ही एकोणीस चौकोन. सतरा काळे,
एकात कुणाचा तरी स्नेहसंमेलनातला फोटो,
एकात मी.
कॅमेरा बंद कसा करायचा हे कळायला
तीन आठवडे गेले,
तोवर लाजच उरली नव्हती.

बारावीला अकाउंट्समध्ये त्र्याऐंशी, इंग्रजीत एकोणतीस.
सहा मार्कांनी युनिव्हर्सिटी अडली.
आप्पा म्हणाले होते, सहा?
सहा म्हणजे चहाच्या आधीचं काम.
ते गोण्यांचं बोलत होते.

आज पॅसिव्ह व्हॉइस.
कर्म उचला, मॅडम म्हणाल्या, पुढे आणून ठेवा.
कर्त्याला शेवटी न्या, त्याच्याआधी बाय लावा.
आणि मुलांनो, बायपासून पुढचं सगळं
गाळलं तरी चालतं.
वाक्य बरोबरच धरतात.

स्वतःचं उदाहरण द्या.
मी म्यूट काढला.
द सॅक्स वेअर अनलोडेड ॲट नाइट.
व्हेरी गुड, स्वरांजली.

आप्पा कॉटवर पालथे, आई कमरेला बाम लावत होती.
तोंड उशीत, कान इकडे.
काय म्हणालीस?
म्हटलं, रात्री गोण्या उतरवल्या गेल्या.
कोणी?
तसं नसतं यात आप्पा. कर्ता गाळता येतो.
असा कसा येतो? लासलगावचा ट्रक होता,
अडीच वाजता लागला गाळ्याला,
दामू गोळे, बबन, तो नवा जावळीचा पोरगा आणि मी.
पोरगा तर दोनदा खाली बसला.
घाल त्याचं नाव.

वर्गात कोंबडा. आणि एकोणीस चौकोनांत
आमच्या घरातलं हे सगळं,
कारण म्यूट परत लावायचा राहिला होता.
मॅडम थांबल्या. हसल्या नाहीत.
म्हणाल्या, तुमचे वडील बरोबर विचारतात,
पण पेपरात लांब लिहू नकोस, वेळ पुरत नाही.

मराठीत कसं असतं ते मी झोपताना आठवत राहिले.
आप्पांनी गोणी उतरवली.
क्रियापद गोणीच्या तालावर चालतं, स्त्रीलिंगी होतं,
आप्पांकडे बघतसुद्धा नाही.
पण आप्पा जात नाहीत कुठे.
नी-चा टेकू घेऊन
वाक्याच्या तोंडाशीच उभे.

दीडला त्यांचा गजर होतो.
उठताना आधी एका कुशीवर, मग कोपर, मग भिंत.
मी जागीच होते, होमवर्कचं शेवटचं वाक्य राहिलं होतं.
चपला शोधता शोधता म्हणाले,
इंग्रजीत लाभला काय म्हणतात?
लाभ म्हणजे फायदा?
नाही गं, मोजतानाचा. लाभ, दोन, तीन.
वन म्हणतात.
वन?
नुसतंच?
गमजा खांद्यावर टाकून दार लोटून घेतलं
आणि गल्लीतून तुर्भ्याच्या बाजूला गेले.

मग मी वाक्य लिहिलं. बाय.
बायच्या पुढे दामू गोळे, बबन, माझे वडील.
जावळीच्या पोराचं नाव मला माहीत नव्हतं.
तेवढी जागा कोरी सोडून
सबमिट केलं.
सकाळी विचारीन.